रंगीत पेइंग गेस्ट

रोज सकाळी पूर्वेकडे जायचं. दुपार कलली की पश्चिमेकडे परतायचं. कडेकडेने जायचं नाही, कारण कडेला आपल्याला गिळायला कुणीतरी टपून बसलंय. रात्री खाली उतरायचं, उद्याची बेगमी करायची आणि सकाळ झाली की पुन्हा तेच!

नाही हो, हा डोंबिवली फास्टचा पास काढलेल्या माणसाचा दिनक्रम नाही. ही जेलीफिशची ड्युटी आहे. आणि लोकलसारखीच गर्दीसुद्धा. चांगल्या वर्षी एका तळ्यात लाखो जेलीफिश, आणि त्या सगळ्या एकाच वेळी एकाच दिशेला निघालेल्या.

फिलिपिन्सच्या पूर्वेला, प्रशांत महासागरात पलाऊ नावाचा छोटासा देश आहे. तिथल्या एका निर्मनुष्य बेटावर, डोंगरांनी चहूबाजूंनी वेढलेलं खाऱ्या पाण्याचं हे तळं. नाव जेलीफिश लेक. लांबी चारशे मीटरच्या थोडी पुढे, म्हणजे विरारच्या प्लॅटफॉर्मवर आपण जेवढं धावतो त्याहून थोडंसंच जास्त. सुमारे बारा हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी वाढली, खडकांच्या भेगांमधून पाणी आत शिरलं आणि त्यासोबत आलेल्या जेलीफिश तिथेच अडकल्या, तिथेच सेटल झाल्या. रंग एकदम सोनेरी. त्यांचा डंख इतका सौम्य की माणसं त्यांच्यात बिनधास्त पोहतात.

मला हे सगळं कळलं ते पोटापाण्यासाठी. मी फ्रीलान्सर. म्हणजे घरी बसून काम करते असं नातेवाईकांना वाटतं आणि घरीच बसते असं सोसायटीला वाटतं. एका ट्रॅव्हल पुरवणीसाठी सहाशे शब्द हवे होते, ‘मरण्यापूर्वी बघायलाच हव्यात अशा हटके जागा’ टाइप. मी म्हटलं, अर्ध्या दिवसाचं काम. पण एका प्रश्नापाशी गाडी अडली ती अडलीच.

जेलीफिशला उन्हाचं एवढं काय पडलंय?

कारण ही ड्युटी उन्हामागेच चाललेली असते. सकाळी सूर्य पूर्वेला, म्हणून त्या पूर्वेला. दुपारनंतर सूर्य पश्चिमेला, म्हणून त्या पश्चिमेला. काठावरच्या झाडांची सावली पाण्यावर जिथे सुरू होते, तिथे ब्रेक लागल्यासारख्या थांबतात. कारण सावलीत, खारफुटीच्या मुळांवर, त्यांना खाणारे पांढरे सी-अॅनिमोन चिकटलेले असतात. पोहताना त्या स्वतःभोवती गिरक्यासुद्धा घेतात, म्हणजे अंगाच्या सगळ्या बाजूंना सारखं ऊन लागेल!

तर मंडळी, हे ऊन त्यांना स्वतःसाठी नकोच असतं. ते हवं असतं त्यांच्या पेइंग गेस्टना.

भाडं साखरेत

जेलीफिशच्या अंगात, अक्षरशः तिच्या पेशींच्या आत, एकपेशीय शेवाळं राहतं. आकार मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा. नाव मात्र भारदस्त, झूझँथेली. समुद्रात मोकळं असताना त्याला दोन शेपट्या असतात आणि ते वळवळत फिरतं. एकदा का राहायला जागा मिळाली की शेपट्या टाकून देतं आणि गोल गरगरीत होऊन बसतं. (लग्नानंतरच्या पुरुषांविषयी मी काहीही म्हणत नाहीये.) जेलीफिशचा तो सोनेरी रंग तिचा नाहीच मुळी. तो या भाडेकरूंचा रंग.

आणि अॅग्रीमेंट एकदम सॉलिड आहे. शेवाळानं दिवसभर उन्हात साखर बनवायची आणि त्यातला मोठा हिस्सा घरमालकाला द्यायचा. घरमालकानं राहायला सुरक्षित जागा द्यायची. वर आपण श्वासातून सोडलेला कार्बन डायऑक्साइड आणि शरीरातून टाकलेला नायट्रोजनयुक्त कचरा द्यायचा. एकाचा कचरा तो दुसऱ्याचा डबा. रात्री जेलीफिश तळ्यात खाली उतरतात ना, तेसुद्धा याचसाठी असावं असं शास्त्रज्ञ मानतात. वरच्या पाण्यात खत कमी, साधारण चौदा-पंधरा मीटर खाली भरपूर. म्हणजे दिवसा भाडेकरूंना गच्चीवर उन्हात न्यायचं आणि रात्री त्यांना जेवायला बाहेर न्यायचं. असा घरमालक मुंबई-पुण्यात कुणाला भेटला असेल तर प्लीज मला नंबर द्या.

या नात्याच्या पायी कोण काय करेल, याचा नेम नाही. कॅसिओपिया नावाची एक जेलीफिश आयुष्यभर उथळ पाण्याच्या तळाशी उताणी पडून राहते, कारण तिचे भाडेकरू तिच्या खालच्या अंगाला, हातांमध्ये राहतात आणि त्यांना ऊन हवं. तिचं पिल्लू सुरुवातीला तळाला चिकटलेल्या बारक्या देठासारखं असतं, त्याला पॉलिप म्हणतात. आणि फंडा असा, की शेवाळ राहायला आल्याशिवाय त्या पॉलिपची एरवी जेलीफिशच होत नाही! जोडीदार मिळेपर्यंत मोठं व्हायचंच नाही. आमच्या एका मावशीला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘बघ, जेलीफिशलासुद्धा कळतं.’’ मी विषय बदलला.

जायंट क्लॅम नावाचा शिंपला मीटरभराहून लांब आणि दोनशे किलोंच्या पुढे वाढतो, तोही याच भाड्याच्या जिवावर. दिवसा शिंपला उघडायचा, आतली निळी-हिरवी नक्षीदार कड उन्हात पसरायची आणि शेवाळाला कामाला लावायचं.

पण या धंद्यातला सगळ्यात मोठा बिल्डर म्हणजे कोरल. आपलं पोवळं, प्रवाळ.

कोरल दिसतं दगडासारखं, वाढतं झाडासारखं, पण असतो तो प्राणी. एकेक पॉलिप बहुतेक काही मिलिमीटरचा. त्याच्या एका चौरस सेंटिमीटर त्वचेत दहा लाख किंवा त्याहून जास्त भाडेकरू. (पुढच्या वेळी वन रूम किचनबद्दल तक्रार करताना हा आकडा आठवा.) कोरलला लागणाऱ्या ऊर्जेपैकी ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जा हे शेवाळ पुरवू शकतं. त्या जोरावर कोरल चुन्याचे सांगाडे बांधतं आणि त्यातून रीफ उभे राहतात. समुद्राच्या तळाचा एक टक्कासुद्धा भाग त्यांनी व्यापलेला नाही, पण समुद्रातल्या साधारण पाव जीवजाती तिथे कधी ना कधी आसरा घेतात. आपलं लक्षद्वीप तर अख्खं याच बांधकामावर उभं आहे. ती जमीनच कोरलची. तिथले मच्छीमार ट्यूना गळाला लावायला जे बारके मासे वापरतात, तेही या रीफच्या आडोशाला वाढतात.

म्हणजे एका अदृश्य शेवाळानं भाडं दिलं म्हणून एका प्राण्यानं घर बांधलं आणि त्या घराच्या गच्चीवर माणसांनी गावं वसवली. ग्रेट ना?

एक डिग्री

आता गंमत संपली.

कोरलला उबदार पाणी आवडतं, पण ते काठावर जगतं. त्या जागी उन्हाळ्यात पाणी एरवी जितकं जास्तीत जास्त तापतं, त्याच्यावर फक्त एक डिग्री चढली आणि चार आठवडे तशीच राहिली, की ब्लीचिंग सुरू होऊ शकतं. एक डिग्री! ऑफिसात एसीच्या रिमोटवरून आपण यापेक्षा जास्त भांडतो.

होतं काय, तर उष्णतेनं शेवाळाची साखर बनवायची यंत्रणा बिघडते. त्यातून ऑक्सिजनची विषारी रूपं गळायला लागतात. ज्यानं जेवण द्यायचं तोच विष देऊ लागतो. मग कोरल शेवाळाला बाहेर काढतं. रंग शेवाळाचा होता, तो गेला. उरते पारदर्शक त्वचा आणि तिच्यातून दिसणारा पांढराफेक सांगाडा. म्हणून ब्लीचिंग.

हे मी वाचलं होतं. बघितलं मालवणला.

मालवणचा समुद्र १९८७पासून सागरी अभयारण्य आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खरंखुरं कोरल आहे. आता एवढं सहाशे शब्दांच्या नादानं वाचलंच होतं, तर म्हटलं बघून येऊ. मी आणि नवरोबा एका मे महिन्यात गेलो. सीझन संपत आलेला, पाणी थोडं गढूळ. मास्क लावून तोंड पाण्यात घातलं. तपकिरी, हिरवट गोळे दिसले, त्यांच्यावर मासे चरत होते. आणि मधेच एक पांढरा गोळा, कुणीतरी चुना फासल्यासारखा.

वर येऊन मी गाइडला म्हटलं, ‘‘तो मेला ना?’’

‘‘नाय मॅडम,’’ तो होडीची कड धरून म्हणाला, ‘‘मेलो नाय तो. उपाशी असा. पाणी थंड झाला तर परत रंग धरतलो.’’

त्याचं बरोबर होतं. पांढरं कोरल मेलेलं नसतं. ते जिवंत असतं, फक्त त्याचं मुख्य जेवण बंद झालेलं असतं. आधीच्या चरबीवर आणि हाती लागतील त्या बारीकसारीक जिवांवर ते काही आठवडे काढू शकतं. तेवढ्यात पाणी निवलं तर शेवाळ परत वाढतं, रंग परत येतो. नाही निवलं तर मरतं आणि सांगाड्यावर दुसरंच केसाळ शेवाळ चढतं. ते भाडं देत नाही. ते नुसतं जागा बळकावतं.

‘उपाशी असा’ हे दोन शब्द ऐकून आम्ही दोघंही गप्प झालो. त्याचं कारण कोरल नव्हतं.

रंग उडण्याआधी

आमच्या लग्नाला तेव्हा अडीच वर्षं झाली होती. ठाण्यात वन बीएचके, वीस वर्षांचं लोन. तो आयटीत, क्लायंट अमेरिकेत, त्यामुळे त्याचं ऑफिस आमच्या रात्री. माझ्या मुलाखती, फोन, डेडलाइन सगळं दिवसा. तो झोपायचा तेव्हा मी उठायचे. बोलणं फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर आलं होतं : दूध आण. गॅस बुक केला. आईंचा फोन होता. फोटोंमध्ये मात्र आम्ही झकास दिसायचो. ग्रुपमध्ये आमची ख्याती ‘क्यूट कपल’ अशीच होती. मालवणला जाण्याच्या तीन आठवडे आधी, पहाटे चार वाजता, किचनच्या ओट्याला टेकून त्यानं विचारलं होतं, ‘‘काही दिवस वेगळं राहून बघूया का?’’ आवाजात राग नव्हता, तेच जास्त भीतीदायक होतं. आम्ही तो प्रश्न ओट्यावरच ठेवला आणि ट्रेनची तिकिटं कॅन्सल करायची नाहीत एवढंच ठरवलं.

परत आल्यावर माझ्या हाती २०२१मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास लागला आणि तो वाचताना मला घाम फुटला. आपण समजतो की आधी रंग उडतो आणि मग कोरल उपाशी पडतं. शास्त्रज्ञांना दिसलं ते उलट. पाणी तापलं की कोरलचा स्वतःचाच खर्च वाढतो. तो भागवायला ते अंगातली प्रथिनं मोडायला लागतं, त्यातून जास्तीचा नायट्रोजन सुटतो आणि तो शेवाळाला मिळतो. एरवी कोरल शेवाळाला नायट्रोजनचं रेशन घालून ठेवतं, म्हणून ते नुसतं वाढत न बसता साखर देत राहतं. आता रेशन सुटलं. शेवाळ स्वतःच्या वाढीला लागतं, साखर स्वतःकडेच ठेवतं. कोरल आणखी उपाशी, खर्च आणखी वर. हे सगळं चाललेलं असताना वरून बघाल तर रंग एकदम फ्रेश. भाडेकरू आत आहेत, घर भरलेलं आहे, फक्त देवाणघेवाण बंद झालीय.

म्हणजे ब्लीचिंग ही भांडणाची सुरुवात नाही. ती आतली उपासमार सगळ्यांना दिसण्याची तारीख आहे.

मी तो परिच्छेद नवऱ्याला वाचून दाखवला. रात्री साडेआठला, त्याच्या लॉगिनच्या आधी. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘यात चूक कुणाचीय?’’

मी म्हटलं, ‘‘कुणाचीच नाही. पाणी तापलंय.’’

आपल्या पिढीला नातं बिघडलं की दोषी शोधायची घाई असते. तो टॉक्सिक होता, ती स्पेस देत नव्हती, कंपॅटिबिलिटीच नव्हती. असेलही. काही नाती मुळातच वाईट असतात आणि त्यातून बाहेर पडणं हाच शहाणपणा. पण कोरल आणि शेवाळ यांची जोडी काही अनफिट नव्हती. वीस कोटींहून जास्त वर्षं कोरल अशा शेवाळांसोबत नांदतंय. नातं तेच, दोघंही तेच, फक्त भोवतालचं तापमान एक डिग्रीनं वाढलं.

त्यानं महिन्यातले दोन आठवडे दिवसाची शिफ्ट मागून घेतली. नाइट अलाउन्स कमी झाला, घराची नवी बाल्कनी-ग्रिल पुढे ढकलली. मी रात्री आठनंतर एडिटरचे फोन घेणं बंद केलं. सगळं मस्त झालं असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. पण आम्ही आठवड्यातून चार वेळा एकत्र जेवतो आणि ओट्यावरचा तो प्रश्न सध्या कुणी उचललेला नाही.

सुट्टीच नाही

इथवर माझी उपमा कामाला आली. याच्यापुढे ती मोडते, आणि मोडायलाच हवी.

कारण कोरल शिफ्ट बदलून घेऊ शकत नाही. त्याला रिझाइन करता येत नाही, की थंड गावाला ट्रान्सफर मागता येत नाही. थोडीफार अॅडजस्टमेंट ते करतं. काही कोरल आपले नेहमीचे भाडेकरू जाऊन उष्णता सोसणाऱ्या जातीचं शेवाळ ठेवून घेतात. पण हा भाडेकरू भाडं कमी देतो, त्यामुळे कोरलची वाढ मंदावते. उपाय आहे, फुकट नाही.

खरी गोची आहे ती सुट्टीची. मोठ्या ब्लीचिंगनंतर भरभर वाढणाऱ्या कोरलनासुद्धा सावरायला दहा-पंधरा वर्षं लागतात. १९८०च्या सुमारास एखाद्या रीफवर गंभीर ब्लीचिंग साधारण २५-३० वर्षांतून एकदा व्हायचं. २०१६पर्यंत ही मधली सुट्टी सहा वर्षांवर आली. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफचं कॅलेंडर बघा : १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४, २०२५. आपल्या लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ला तडाखा बसला, २०२४च्या उन्हाळ्यात पुन्हा. एप्रिल २०२४मध्ये शास्त्रज्ञांनी चौथं जागतिक ब्लीचिंग जाहीर केलं. २०२३च्या जानेवारीपासून पुढच्या दोन-सव्वादोन वर्षांत जगातल्या सुमारे ८४ टक्के रीफ क्षेत्राला ब्लीचिंग होईल एवढी उष्णता सोसावी लागली.

सलग डबल शिफ्ट म्हणजे काय हे तुम्हाला-मला वेगळं सांगायला नको. फरक एवढाच की आपल्या पाण्याखालची आच बॉस लावतो, आणि कोरलच्या पाण्याखालची आपण सगळ्यांनी मिळून लावलीय. कोळसा, पेट्रोल, डिझेल. त्यामुळे पृथ्वीवर साठलेल्या जास्तीच्या उष्णतेतली ९० टक्क्यांच्या आसपास समुद्रानंच गिळली. गुपचूप, तक्रार न करता, आमच्या फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांसारखी.

आणि पलाऊच्या त्या सोनेरी जेलीफिश? त्यांचं काय झालं ते सहाशे शब्दांत मावलं नव्हतं, म्हणून इथे सांगते. १९९८च्या अल निनोत तळं तापलं आणि त्या जवळपास नाहीशा झाल्या. मग परत आल्या. २०१६च्या दुष्काळात तळं पुन्हा बिघडलं, पाणी जास्त खारट झालं, आणि पोहायला आलेल्या पर्यटकांना एकही दिसेना. टूर ऑपरेटरनी तिथल्या फेऱ्या थांबवल्या.

पण तळ्यात चिकटलेले बारके पॉलिप तग धरून होते. जेलीफिश नव्हे, फक्त देठ. ते वाट बघत राहिले. पाऊस पडला, पाणी निवलं, पॉलिपमधून नखाएवढ्या जेलीफिश सुटल्या आणि भाडेकरूंना घेऊन पूर्वेकडे निघाल्या. २०१८च्या अखेरीस पलाऊनं जाहीर केलं की तळं पुन्हा बघण्यासारखं झालंय.

तळ्याला त्यासाठी दोनेक वर्षं निवांत मिळाली. रीफना पंधरा हवीयत.